गाठीत 'जायंट सेल्स' लिहिलंय म्हणजे नेमकं काय?

ताई, भावाच्या मानेच्या गाठीच्या रिपोर्टात 'जायंट सेल्स', म्हणजे राक्षसी पेशी, वाचून तुम्ही घाबरलात. कुणी सांगितलं की याच कॅन्सरच्या आया, कुणी म्हणालं या मरायला टेकलेल्या पेशी. जळगावात वीस वर्षं मायक्रोस्कोपखाली स्लाइडी बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

जायंट सेल दिसली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. आपल्याकडे मानेच्या गाठीत त्या बऱ्याचदा टीबीच्या निघतात. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, एकमेकींत मिसळून एक भली मोठी पेशी होते आणि तिची केंद्रकं कडेनं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली दिसतात. तिला लँगहान्स पेशी म्हणतात. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधली रीड-स्टर्नबर्ग पेशी वेगळी: दोन केंद्रकं, घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखून बघणारी. ती मात्र कॅन्सरचीच.

आता तो वाद: या कॅन्सरच्या आया की मरायला टेकलेल्या पेशी. कॅन्सरमधल्या काही पेशी गुणसूत्रं दुप्पट-चौपट करतात, पण विभागत नाहीत. त्या फुगून संपतात, पुढे त्यांचा वंश नाही, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर रुग्णालयात जिनसाँग लियू यांच्या गटानं अंडाशयाच्या कॅन्सरपेशींवर कोबाल्ट क्लोराइड घालून प्राणवायू तुटल्यासारखी अवस्था केली. बहुतेक मेल्या. ज्या राक्षसी पेशी तगल्या, त्यांना छोट्या पेशींचे कोंब फुटले. यावलच्या माणसाला हे चटकन कळेल: घड उतरवून केळीचा खांब कापला तरी जमिनीत कंद राहतो, बाजूनं पिलं फुटतात.

लियू याही पुढे जाऊन याची तुलना गर्भाच्या पहिल्या पेशींशी करतात. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पिएंटा आणि एमेंड यांचा भर दुसरीकडे आहे: औषधाचा मारा चालू असताना पेशी या अवस्थेत दडून बसते, मारा थांबला की पुन्हा वाढू लागते.

मला हे दडून बसणं पटतं. केमोनंतर आजार उलटतो, त्याचा काही उलगडा यातून होतो. पण कॅन्सरचा उगमच या पेशींतून, हे मी मानत नाही. धडधाकट यकृतातही जास्तीच्या गुणसूत्रांच्या पेशी भरपूर असतात, आणि २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात त्यांनी उलट कॅन्सरला अडवलं. कॅन्सर रोखणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती असल्या की एखादी प्रत बिघडली तरी बाकीच्या काम करत राहतात.

तेव्हा रिपोर्टात सोबत 'ग्रॅन्युलोमा' (टीबीसारख्या आजारात मॅक्रोफेजचा होणारा पुंजका) लिहिलंय का ते बघा, आणि उद्याच पॅथॉलॉजिस्टना भेटून विचारा की या कोणत्या जायंट सेल्स. शंका राहिली तर गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असतो, त्यातूनच टीबीच्या जंतूंचा स्टेन आणि रीड-स्टर्नबर्ग पेशी ओळखायच्या सीडी १५, सीडी ३० या तपासण्या करता येतात. भावाला पुन्हा सुई टोचायची गरज सहसा पडत नाही.