तासाला पाचशे डाव

लास वेगासजवळच्या हेंडरसनहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. कोल्हापुरात एका बँकेत २६ वर्षे हिशेबाचे काम केल्यावर, पतीच्या निधनानंतर त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि आता तिथल्या एका दुकानात अर्धवेळ नोकरी करतात. मुलगा आणि सून कामावर असतात अशा आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्या जवळच्या कॅसिनोत तीन-तीन तास पंचवीस सेंटच्या व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर बसतात. या खेळात पडद्यावर पत्त्यांची पाच पाने येतात, हवी ती धरायची, बाकीची बदलून घ्यायची, आणि शेवटी जमलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. महिन्याला २०० डॉलरची मर्यादा त्यांनी ठरवली होती, पण गेले चार महिने खर्च ६०० ते ८०० वर जातो आहे. एकदा क्रेडिट कार्डावर ३०० डॉलर उचलले आणि मुलाला दाताचा खर्च सांगितला. "मला खेळ सोडायचा नाही, शिस्त लावायची आहे. पैसे आणि वेळ कसे सांभाळू?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि तुम्ही हिशेबाच्या माणूस असल्यामुळे आधी हिशेबच मांडते.

तुम्ही मर्यादा घातली ती घरून नेलेल्या रकमेवर. यंत्र मात्र प्रत्येक डावावर आपला वाटा घेते. पाच नाणी लावली की एक डाव सव्वा डॉलरचा होतो, आणि हात बसलेला माणूस तासाला ५०० डाव सहज खेळतो. म्हणजे पर्समधून शंभरच डॉलर निघालेले असले, तरी मधूनमधून जिंकलेले पैसे पुन्हा लावले जात असल्यामुळे तासाभरात तुम्ही एकूण ६२५ डॉलर लावलेले असतात. गुलामांच्या जोडीपासून पुढे पैसे देणाऱ्या तुमच्या प्रकारात पडद्यावरच्या बक्षिसांच्या तक्त्यात फुल हाउसला (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) लावलेल्या एका नाण्यामागे ९ आणि फ्लशला (पाचही पाने एकाच चिन्हाची) ६ असे असेल, तर अचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात शंभरामागे साडेनव्व्याण्णव परत मिळतात. तुमच्या यंत्रावर ८ आणि ५ आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिथे हाच आकडा ९७.३ इतका उतरतो. नेव्हाडाच्या नियमांप्रमाणे पाने खऱ्या ५२ पानांच्या जोडातून निघावीत तशीच निघावी लागतात, तेव्हा यंत्र लबाडी करते हा तुमचा संशय मनातून काढून टाका. कॅसिनोची कमाई त्या तक्त्यात उघड लिहिलेली असते.

या सरासरीत रॉयल फ्लशही, म्हणजे एकाच चिन्हाच्या दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच पानांचा सर्वांत मोठ्या बक्षिसाचा डावही, धरलेला असतो, आणि तो सुमारे ४०,००० डावांत एकदा येतो. तुमच्या गतीने हे ८० तास झाले. तेवढे तास भरले की तो येतोच असे मात्र समजू नका, कारण ४०,००० डाव खेळलेल्या १०० जणांपैकी सुमारे ३७ जणांना तो एकदाही आलेला नसतो. तो न येता गेलेल्या काळात तुमच्या यंत्रावर तासाला सरासरी २९ डॉलर जातात, तेही पाने अचूक धरली तर. महिन्याचे २६ तास धरून गुणाकार करा: साडेसातशेच्या आसपास उत्तर येते. ताई, ज्याला तुम्ही चार महिन्यांचे वाईट नशीब म्हणता, ती त्या तासांची नेहमीची किंमत आहे.

म्हणून २०० डॉलरमध्ये काय बसते ते उलट बाजूने काढावे लागेल. सध्याच्या यंत्रावर आणि सध्याच्या गतीने महिन्याला सात तास. ९ आणि ६ चा तक्ता शोधलात तर तेरा. गती निम्मी केली, म्हणजे प्रत्येक डावानंतर हात मांडीवर घेऊन पाने शांतपणे पाहिली, तर तेवढ्याच पैशांत दुप्पट वेळ मिळतो. एका डावाला कमी नाणी लावून काटकसर करू नका, कारण पाचव्या नाण्याशिवाय रॉयल फ्लशचा मोबदला फार खाली येतो. त्यापेक्षा चांगला तक्ता असलेले कमी किमतीचे यंत्र पाहावे. एका बैठकीची रोकड पाकिटात घालून न्या आणि कार्डे घरी ठेवा. फोनवर चाळीस मिनिटांचा गजर लावा, आणि तो वाजला की पुढे असा वा मागे, यंत्रातून तिकीट काढून उठा. सदस्य कार्डावर मिळणाऱ्या फुकट जेवणाचा उल्लेख तुम्ही आनंदाने केला आहे. त्याच कार्डाच्या खिडकीवर वर्षभराच्या जिंकण्या-हरण्याचे विवरण मागा. आठवणीतला आकडा आणि त्या कागदावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहणे तुम्हाला कठीण जाईल, पण ते करा.

हे सगळे सांगितले तरी, आजच्या घडीला तुम्ही त्या यंत्रासमोर बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादा ओलांडणे ही एक गोष्ट. कर्ज काढून खेळणे आणि त्यासाठी मुलाशी खोटे बोलणे ही निराळी, आणि तिच्यावर गजर किंवा पाकीट पुरे पडत नाही. कार्डावर उचललेल्या रोखीला पहिल्या दिवसापासून व्याज लागते हे बँकेतल्या माणसाला मी सांगायला नको. ते ठाऊक असूनही तुमचा हात तिकडे गेला, याची मला काळजी वाटते.

पूर्ण चार आठवडे जाऊ नका. कॅसिनोला लेखी कळवून जाहिरातींची पत्रे आणि उधारीची सोय बंद करून घ्या. नेव्हाडात ही मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. चार आठवडे निभले नाहीत, तर १-८००-गॅम्बलर या मदतवाहिनीवर फोन करा, किंवा १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या, बैठकीला जा. तिथे पहिल्या नावापलीकडे ओळख द्यावी लागत नाही.

"त्या खुर्चीत बसले की मला कोणाची आठवण येत नाही," असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते वाक्य वाचून मला फार वाईट वाटले. त्या दोन संध्याकाळी रिकाम्या घराला तुम्ही घाबरता हे मुलाला आणि सुनेला कळलेले नसेल, कारण तुम्ही ते बोललेला नाही. येत्या रविवारी दोघांना बसवून घ्या आणि एका कागदावर पहिली ओळ त्या ३०० डॉलरची, तारखेसह लिहून त्यांच्यासमोर ठेवा. रागावतील, कदाचित रडतीलही. त्यानंतर त्या दोन संध्याकाळींचे काय करायचे हे तिघांनी मिळून ठरवा, आणि काय ठरले ते मला कळवा.

तुमची,
ताई