वर्षभराचा शब्द मिळत असेल तर ‘हो’ म्हणा

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा नववीत आहे, मार्क घसरलेत, घरात ‘हं’ आणि ‘माहीत नाही’ याखेरीज बोलत नाही. आता शाळेच्या मेंटॉरिंगमध्ये त्याचं नाव आलंय; आठवड्यातून एक तास एक तरुण इंजिनिअर मेंटॉर म्हणून, म्हणजे मोठ्या मित्रासारखा, त्याला भेटणार. तुम्ही विचारता, "तोच तास क्लासला दिला तर गणित तरी सुधारेल ना? आणि जे तो आम्हाला सांगत नाही, ते परक्या माणसाला कशाला सांगेल?"

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. परका आहे म्हणूनच सांगेल. आईवडिलांशी बोलताना या वयाची मुलं वाक्यावाक्याला त्यांचा चेहरा वाचत असतात. चिडले का, दुखावले का? माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा मेंटॉर त्याला घेऊन बंद पडलेला रेडिओ उघडून बसायचा. पहिले चार आठवडे बोलणं फक्त वायरींचं. पाचव्या भेटीत, सोल्डरिंग करता करता, मान वर न करता मुलगा म्हणाला, "मला अपूर्णांक पाचवीपासूनच कळलेले नाहीत." तीन वर्षं क्लास चालू होता, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंटॉर नुसतं "बरं" म्हणाला आणि पुढची वायर त्याच्या हातात दिली. त्या "बरं"चं मला फार मोल वाटतं. आपण आईबाप तिथे हमखास "मग आधी का नाही सांगितलंस?" विचारलं असतं.

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था हेच काम करते. तिच्या मेंटॉरिंगची पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते १६ वयाच्या साडेनऊशेहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना लगेच मेंटॉर दिला, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. कोण कुठे, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं. दीड वर्षानं पाहिलं तर मेंटॉर मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या वाटेला जाण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं आणि शाळेला दांडी मारण्याचे दिवस जवळपास निम्म्यावर आले होते. मार्कांत फरक पडला, पण थोडाच. हे तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र या मुलांचं आईवडिलांशीही जास्त चांगलं जमू लागलं होतं. मुलगा आणखी लांब जाईल ही तुमची पत्रातली भीती मला कळते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता खरी काळजीची गोष्ट. याच पाहणीतल्या मुलांची माहिती पुन्हा तपासून २००२ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांची जोडी वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. आणि जिथे मेंटॉर तीन महिन्यांच्या आत सुटला, तिथे मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही कमी झाला. ‘हाही गेला, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे’ असा अर्थ मुलं सहज काढतात. अर्धवट सुटण्यापेक्षा मेंटॉर नसलेला बरा.

म्हणून शाळेत जाऊन स्पष्ट विचारा: हे गृहस्थ किमान वर्षभर येणार आहेत का? मध्येच बदली झाली तर काय? त्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का, भेटी चारचौघांत दिसेल अशा जागी होतात का? कार्यक्रम सांभाळणारं कुणी त्यांच्या संपर्कात असतं का? उत्तरं गोलमोल आली तर नाही म्हणा आणि ओळखीतलाच कुणी पाहा. मामा, मावशी, खेळाचे सर, ज्याच्याजवळ तो आपणहून जाऊन बसतो असं कुणीही. अशी नाती तर आपोआप जुळलेली असतात, त्यांना थोडा वेळ काढून दिला की पुरतं.

उत्तरं नीट मिळाली तर बेलाशक हो म्हणा. क्लासची वेळ बदलून घ्या, हा तास त्यात अडकवू नका. आणि एक विनंती. तो भेटून आला की "काय बोललात?" विचारू नका, मेंटॉरलाही फोन करून प्रगती विचारू नका. त्याच्या जिवाला धोका असेल असं काही असलं तर ते तुम्हाला कळवलंच पाहिजे, एवढं आधी ठरवून घ्या. बाकीचं त्या दोघांचं.

चार महिन्यांनी मला पुन्हा लिहा. मार्क कदाचित तेच असतील, पण सकाळी शाळेला निघताना तो कसा असतो, तेवढं पाहून ठेवा.