+2 लिहिलंय खरं, पण ते नक्की कशात मिळवलं जातं?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओ गेममध्ये +2 स्किल्सचं अम्युलेट (गळ्यातला ताईत) घातल्यावर स्किलची लेव्हल वाढलेली दिसते, पण डॅमेज जेमतेम वाढतो, मग असे आयटम कॅरेक्टरची ताकद खरंच वाढवतात का? वाढवतात. पण आयटमवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तो कशात मिळवला जातो आणि हिशोबात कुठल्या पायरीवर येतो, हे प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं. मी हे गेम बरीच वर्षं खेळतोय आणि नवीन कुणी माझ्याबरोबर खेळायला आलं की सगळ्यात आधी हेच समजावून सांगतो, कारण यात गोंधळ झाला की महिनाभराची कमाई चुकीच्या आयटमवर जाते.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण डायब्लो 2 चं. तिथे स्किलमध्ये दोन प्रकारचे पॉइंट असतात. लेव्हल वाढल्यावर तुम्ही स्वतः टाकता ते हार्ड पॉइंट, आणि आयटममधून येतात ते सॉफ्ट पॉइंट. स्क्रीनवर दोन्हींची बेरीजच दिसते, म्हणून फरक लक्षात येत नाही. 2003 च्या 1.10 पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) सिनर्जी आल्या, म्हणजे एका स्किलमधले पॉइंट दुसऱ्या स्किललाही बळ देऊ लागले, आणि तेव्हापासून हा फरक फार महत्त्वाचा झाला. सॉर्सरेसचं, म्हणजे जादूगारणीचं, ब्लिझर्ड हे बर्फाचं स्किल घ्या. आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक या तीन स्किल्समधला प्रत्येक पॉइंट ब्लिझर्डचा डॅमेज 5 टक्क्यांनी वाढवतो, पण फक्त हार्ड पॉइंट असेल तरच. तिन्हींमध्ये 20-20 टाकले की 300 टक्के होतात. तुमच्या अम्युलेटने ब्लिझर्डची स्वतःची लेव्हल दोनने चढते, या तीन स्किल्सही स्क्रीनवर दोन-दोनने वाढलेल्या दिसतात, पण त्यांच्याकडून ब्लिझर्डला मिळणारी मदत तसूभरही वाढत नाही. उलट बाजूने बघा: ज्याने सिनर्जी पूर्ण भरल्या आहेत, त्याची ब्लिझर्डची वाढलेली लेव्हल चौपट होऊन बाहेर पडते. म्हणजे तेच अम्युलेट, तेच +2, पण एकाच्या गळ्यात सोनं आणि दुसऱ्याच्या गळ्यात नुसता दागिना. आणखी एक, ज्या स्किलमध्ये तुम्ही एकही पॉइंट टाकलेला नाही, त्याला 'ऑल स्किल्स'चा काहीच उपयोग होत नाही. आधी एक पॉइंट स्वतःचा हवा.

टक्क्यांची गोष्ट वेगळी. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये आयटमवर 'इन्क्रीज्ड' लिहिलंय की 'मोअर', हे वाचल्याशिवाय मी काहीही विकत घेत नाही. सगळे 'इन्क्रीज्ड' आधी एकमेकांत मिळवले जातात आणि मग एकदाच गुणले जातात. 'मोअर' मात्र प्रत्येक वेळी वेगळा गुणला जातो. समजा मूळ डॅमेज 100 आणि तुमच्याकडे आधीच 200 टक्के इन्क्रीज्ड आहे, म्हणजे झाले 300. त्यावर 20 टक्के इन्क्रीज्डचा आयटम घातला तर 320. खरी वाढ 7 टक्क्यांच्याही आतली. 20 टक्के मोअर मिळालं असतं तर सरळ 360. नवीन खेळाडू दोन्हीकडे 20 बघतो आणि स्वस्त पडतं ते घेतो, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळयानांच्या गेममध्ये तर एकाच गुणावर एकाच जातीची मॉड्यूल (यानाला जोडायचे भाग) लावत गेलात की पहिलं पूर्ण काम करतं, दुसरं 86.9 टक्के, तिसरं 57.1, चौथं 28.3. पाचवं 10.6 वर येतं, ते लावण्यात अर्थच नाही.

आता पोशन आणि खाण्याचे पदार्थ. हे तात्पुरते, पण माझ्या मते सगळ्यात कमी समजून घेतलेले. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये सुपर स्ट्रेंग्थ पोशन तुमच्या मूळ लेव्हलच्या 15 टक्के अधिक 5 इतकी वाढ देतं. लेव्हल 99 असेल तर 118 होतात, 40 असेल तर 51. आकड्यात मोठी वाढ वरच्या खेळाडूला मिळते, पण प्रमाणात बघितलं तर 40 वाल्याला सव्वापट होऊन वर थोडं उरतं. पोशन मोठ्या खेळाडूंसाठीच असतात, हा समज म्हणून चुकीचा. आणि ही वाढ दर मिनिटाला एकेक पॉइंटने उतरते. याचा फटका मी स्वतः खाल्लाय. माझं फार्मिंग 72 होतं आणि मॅजिक ट्रीचं रोप लावायला 75 लागतं. गार्डन पाय (pie) नावाचा पदार्थ खाल्ला की +3 मिळतात, म्हणजे बरोबर 75. मी शेताच्या तुकड्यापाशी पोचलो, पायचा घास खाल्ला, आणि मग दाताळं घेऊन तण काढायला लागलो. शेवटचं तण निघालं तेव्हा वरचा आकडा 74 झाला होता आणि रोप तसंच हातात. तेव्हापासून आधी तण काढतो, रोप तयार ठेवतो, आणि घास अगदी शेवटी खातो. मात्र अशा तात्पुरत्या लेव्हलवर तिथे वरच्या लेव्हलचं चिलखत घालता येत नाही, त्याला मूळ लेव्हलच लागते.

वेळेचा उलटा फायदाही असतो. डायब्लो 2 मध्ये बार्बेरियन हा योद्धा दुसऱ्या हत्यार-स्लॉटवर स्किल वाढवणारी हत्यारं ठेवतो, लाइफ वाढवणारी बॅटल ऑर्डर्सची आरोळी देतो आणि लगेच लढायची हत्यारं परत हातात घेतो. आरोळी दिली त्या क्षणाची लेव्हल धरली जाते, नंतर हत्यारं बदलली तरी वाढलेलं लाइफ टिकून राहतं.

शेवटची गोष्ट टप्प्यांची. डायब्लो 2 मधल्या सॉर्सरेसच्या फास्टर कास्ट रेटचे (जादू किती भराभर टाकता येते त्याचे) टप्पे 9, 20, 37, 63, 105 आणि 200 असे आहेत. माझ्या सॉर्सरेसचे 55 होते. 10 ची साधी अंगठी घातली, 65 झाले, आणि एक कास्ट (एकदा जादू टाकणं) 10 फ्रेमवरून, म्हणजे स्क्रीनवरच्या 10 चित्रांवरून, 9 वर आली. टेलिपोर्ट करताना हाताला फरक जाणवला. त्यानंतर 65 चे 95 केले असते तरी एका फ्रेमचाही फरक पडला नसता.

म्हणून तुम्ही आत्ता एवढं करा. अम्युलेट काढून स्किलवर कर्सर नेऊन डॅमेज लिहून ठेवा, मग घालून पुन्हा बघा. वाढ फारच कमी असेल तर पुढचे पाच-सहा पॉइंट मुख्य स्किलच्या सिनर्जीत टाका आणि तेच मोजमाप परत करा. अम्युलेट एवढ्यात विकू नका. गेम आणि बिल्ड (पॉइंट आणि आयटमची मांडणी) कोणतं, हे कमेंटमध्ये लिहिलंत तर सध्याच्या पॉइंटवर नेमका हिशोब मांडून देतो.