नवी हार्ड डिस्क, बैलगाडीची चाल

प्रश्न : २०१० सालच्या डेस्कटॉपला (विंडोज ७) १ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली. फोटो कॉपी करताना वेग सेकंदाला ३ एमबीच्या वर जात नाही, माऊसही अडखळतो. दुकानदार म्हणतो, मशीनच नवं घ्या.
– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : बाई, इतक्यात पैसे मोडू नका. सगळ्यात जुनं साटा पोर्टसुद्धा (मदरबोर्डवर डिस्कची केबल लावायची जागा) सेकंदाला १५० एमबी झेपवतं. माऊस अडखळतो हीच खरी खूण. केबलमधून डेटा पुन्हापुन्हा चुकीचा आला, की विंडोज डीएमए (डेटा परस्पर मेमरीत पोचवायची वेगवान पद्धत) सोडून पीआयओ या संथ मोडवर उतरते. मग डेटाचा एकेक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो. दुसरं काम करणार कधी?

माझंही असंच झालं होतं. मे महिन्यात कॉम्प्युटरचं कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवलेलं. उघडलं तर डिस्कच्या लाल केबलच्या टोकावर ओलसर धुळीचा थर! नवी केबल शंभरेक रुपयांत आली.

तुम्ही मशीन बंद करून प्लग काढा, केबल बदला, जमल्यास पोर्टही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कचं ‘एटीए चॅनल’ उघडून ‘करंट मोड’ बघा. पीआयओ दिसलं तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ते पुन्हा डीएमएवर आणते. फोटोंची जुनी प्रत तोवर पुसू नका.

कोणी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘एएचसीआय’ हा डिस्कचा नवा मोड करायला सांगेल. ड्रायव्हरची तयारी नसताना तसं केलं तर विंडोज सुरू होताना चुकीचा निळा पडदा येतो, तेव्हा त्या भानगडीत सध्या नको. आणि हो, कूलर जरा लांब सरकवा.