कायरोप्रॅक्टर व्हायला आधी खेळाडू असावं लागतं का?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. एका कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हातांनी मणक्याच्या सांध्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्या व्यक्तीची, ओळख वाचली. शाळेपासून धावपटू, पाठीला दुखापत झाली, याच उपचाराने बरे वाटले म्हणून या क्षेत्रात आले. आवडीचे विषय : क्रीडा दुखापती, पाठदुखी, लहान मुलांचा दमा. मी कधी मैदानावर उतरले नाही. मला जमेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : जमेल. ‘मी स्वतः यातून बरा झालो’ ही कहाणी या व्यवसायात इतक्यांच्या तोंडी असते, की ती प्रवेशाची अटच वाटावी. तशी अट कुठेही नाही. त्या ओळखीत तू पाहायला हवं ते पदवी, परवाना आणि आवडीच्या विषयांची ती ओळ.

आधी शिक्षण. अमेरिकेत साधारणपणे कॉलेजचे किमान 90 क्रेडिट झाल्यावर ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ला प्रवेश मिळतो. त्यात किमान 4,200 तासांचं शिक्षण, पुढे राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा आणि मग ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना. शरीररचना, मज्जासंस्था, एक्स-रे वाचणं हे सगळं कसून शिकवतात. औषधं आणि शस्त्रक्रिया मात्र या व्यवसायाच्या कक्षेबाहेर. ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने या व्यवसायावर देखरेख करणारी स्वतंत्र परिषद आहे. काही देशांत असा कायदाच नाही, तिथे कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून काम कुठे करायचं ते आधी ठरव, कॉलेज नंतर.

खरं कौशल्य बोटांत. या शिक्षणातला एक जुना सराव आहे : कागदाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून तो बोटांनी शोधायचा आणि सापडला की वर कागद वाढवत जायचं. मणक्याचा कोणता सांधा आखडलाय हे चाचपून ओळखायची ही तयारी. या उपचाराच्या व्हिडिओत ‘कट्’ आवाज ऐकू येतो ना, तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. हाड ‘जागेवर बसल्याचा’ नव्हे. धक्का छोटा आणि झटक्यात द्यायचा असतो, त्याला पैलवानाची ताकद लागत नाही. मात्र दिवसभर उभं राहून, वाकून काम करायचं असतं. मनगटं आणि स्वतःची पाठ सांभाळावी लागते.

आता आवडीची ओळ. 1895 मध्ये डी. डी. पामर यांनी आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यामुळे होतात असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून आजही दोन तट आहेत. एक जण कंबरदुखी, मानदुखी एवढ्यापुरतं बोलतो. कंबरदुखीवर थोडाफार उपयोग होतो असं अभ्यासही सांगतात. दुसरा दमा, कानदुखी, तान्ह्या बाळाचं रडणं सगळंच कण्यातून बरं करू म्हणतो, आणि त्याला भक्कम पुरावा नाही. तू वाचलेल्या ओळखीत दोन्ही एकाच ओळीत आहेत. मी असते तर ‘दमा’पाशीच थांबले असते. मानेला झटका देताना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा क्वचित का होईना, पण गंभीर धोका असतो. तो रुग्णाला आधी सांगतात का, हेही विचार. पाठदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला असेल, तर हात न लावता थेट हॉस्पिटलात पाठवणारा माणूस मी चांगला कायरोप्रॅक्टर समजते.

फिजिओथेरपीचा अभ्यासक्रमही शेजारी ठेवून बघ. व्यायाम, पक्षाघातानंतरचं पुनर्वसन, शस्त्रक्रियेनंतरची उभारी यात रस वाटला तर तो रस्ता तुला जास्त जवळचा. दोन्हीकडे जमल्यास एखादा दिवस बसून काम बघ आणि कोणत्या रुग्णांना ते परत पाठवतात, हे विचार.