सुट्या छायाचित्रांची गोष्ट: वाट वाचकाने निवडायची असेल तर

प्रश्न : माझ्या वडिलांनी आणि पुढे मी काढलेली गोदाकाठची सुमारे दोनशे छायाचित्रे घरी आहेत. त्यांत १९६९ आणि २०१६ च्या पुराचीही आहेत. ती एकापाठोपाठ एक न दाखवता, वाचकाने कोठूनही सुरुवात करावी आणि हवे तिकडे वळावे, अशी वेबसाइट करण्याचा विचार आहे. रचना कशी करावी आणि कोणते तंत्र वापरावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तंत्राचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, म्हणून आधी रचनेविषयी लिहितो. ‘हवे तिकडे वळावे’ हे ऐकायला छान वाटते. पण प्रत्येक चित्रापाशी तीन नव्या वाटा फोडल्या, तर पाचव्या वळणावरच २४३ चित्रे लागतील, आणि आपल्या संग्रहात तेवढी नाहीत. त्यामुळे वाटा फुटल्या तरी काही ठरावीक चित्रांपाशी त्या पुन्हा एकत्र याव्यात. अशी ठाणी आपल्या संग्रहात आयतीच असणार. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोठपर्यंत पाणी आले यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. ती मूर्ती ज्या ज्या वर्षीच्या चित्रांत असेल, ती सगळी चित्रे एकमेकांना जोडता येतील.

माझ्या मते या कामातील खरा कस येथेच लागतो : एका चित्रातून दुसऱ्यात जाण्याचे कारण चित्रातच दिसले पाहिजे. मूर्तीवरील पाण्याच्या रेषेवर बोट ठेवले की त्याच जागेचे दुसऱ्या वर्षाचे चित्र उघडावे, आणि काठावरच्या गर्दीवर ठेवले की त्याच दिवशीचा सराफ बाजार दिसावा. पहिली वाट काळाची आणि दुसरी जागेची, हे वाचकाला दोन-तीन वेळांत उमगते आणि मग तो स्वतःहून शोधू लागतो. केवळ ‘पुढे’ किंवा ‘आणखी पाहा’ अशी बटणे ठेवली, तर तो साधा अल्बमच होतो. पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगणारे कलावंतही सुटीच चित्रे दाखवत, परंतु त्यांचा क्रम कथेकऱ्याच्या हाती असे. आपण तो क्रम सोडून देणार असल्याने चित्राखालची कोणतीही ओळ आधीच्या चित्रावर विसंबून लिहिता येणार नाही. ‘त्यानंतर पाणी ओसरले’ हे वाक्य तेथेच अडते.

आता तंत्र. चित्रातील जागा क्लिक करण्याजोग्या करण्यासाठी एचटीएमएलमधील (वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील) जुनी इमेज मॅपची सोय टाळावी, कारण तिच्यातील जागांचे अंक पिक्सेलमध्ये असतात आणि मोबाइलवर चित्र लहान झाले की ते चुकतात. त्याऐवजी चित्रावर एसव्हीजीचा, म्हणजे कोडने आखलेल्या आकारांचा, थर द्यावा. व्ह्यूबॉक्स या त्यातील मापाच्या चौकटीमुळे तो चित्रासोबतच लहानमोठा होतो. माउस वर नेल्यावरच दिसणाऱ्या खुणा मोबाइलवर निरुपयोगी ठरतात, तेव्हा खुणा कायम दिसू द्याव्यात आणि बोटाला सहज सापडतील एवढ्या ठेवाव्यात.

प्रत्येक चित्राला स्वतंत्र वेबपत्ता हवाच. तो नसेल, तर ब्राउझरचे ‘मागे’ बटण दाबणारा वाचक आधीच्या चित्राकडे न जाता थेट वेबसाइटबाहेर पडतो, आणि एखादे चित्र कोणाला पाठवायचे म्हटले तरी पाठवता येत नाही. पाहून झालेल्या वाटांचा रंग बदलावा, म्हणजे वाचक एकाच ठिकाणी घिरट्या घालत राहणार नाही.

छायाचित्रांची माहिती, म्हणजे वर्ष, जागा, ओळ आणि जोडण्या, पानांच्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या जेसॉन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुरात मांडून ठेवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवावी. पुढे चित्रे वाढली तरी पानांना हात लावावा लागणार नाही. स्कॅनच्या मूळ फाइली जपून ठेवून वेबसाठी वेबपी स्वरूपातील हलक्या प्रती कराव्यात, आणि समोरच्या चित्राशी जोडलेली चित्रे तेवढीच आधीपासून उतरवून घ्यावीत. नाहीतर रामकुंडावर उभे राहून मोबाइलवर पाहणाऱ्याचा डेटा विनाकारण खर्च होईल.

कोड लिहिण्यापूर्वी दहा-बारा चित्रे घेऊन ट्वाइन या मोफत साधनात जोडण्यांचा आराखडा करून पाहावा. त्यात चौकटी आणि बाण समोर दिसत असल्याने जेथे कोणतीही वाट पोहोचत नाही असे चित्र लगेच लक्षात येते. मात्र दोनशे चौकटींची त्यात दाटी होईल, म्हणून त्याचा उपयोग चाचणीपुरताच करावा.

याखेरीज सर्व छायाचित्रांची वर्षवार साधी यादीही एका पानावर द्यावी. प्रत्येक चित्राचे शब्दांतील वर्णन तेथे आणि चित्राच्या ऑल्ट मजकुरात (चित्राला कोडमध्ये जोडलेल्या वर्णनात) असले, की स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकांनाही संग्रह खुला होतो, आणि ज्याला फक्त १९६९ चीच चित्रे हवी आहेत त्याला सगळ्या वाटा तुडवत बसावे लागत नाही.