कौशल्य, 'कौशल्यता' आणि कारखान्यातला तक्ता

प्रश्न असा आला आहे: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगारांचा 'स्किल मॅट्रिक्स', म्हणजे कोणाला कोणते काम किती येते हे दाखवणारा तक्ता, मराठीतून लावायचा आहे. त्याला 'कौशल्यता सारणी' म्हणावे की 'क्षमता तक्ता', आणि 'स्किल' व 'कॉम्पिटन्सी' यांतला फरक मराठीत कसा दाखवावा?

'कौशल्यता' हा शब्द आधी पुसून टाकावा, ही कळकळीची विनंती आहे. 'कुशल' हे विशेषण आहे आणि त्याची भाववाचक नामे 'कुशलता', 'कौशल' आणि 'कौशल्य' ही आहेत. भाववाचक नाम एकदा सिद्ध झाल्यावर त्याला पुन्हा 'ता' जोडण्याचे काहीही कारण नाही. 'सौंदर्यता', 'प्रावीण्यता' आणि 'नावीन्यता' ही याच चुकीची भावंडे आहेत, आणि त्यांतले शेवटचे तर राज्य शासनाच्या एका विभागाच्या नावातही जाऊन बसले आहे. प्रशिक्षणाच्या साहित्याचे मराठीकरण करताना मी हा 'ता' दर वेळी खोडतो आणि छापून आलेल्या फलकावर तो पुन्हा उभा असतो. दुसरीकडे, 'कौशल' हे हिंदी रूप आहे म्हणून नाक मुरडणारेही चुकतात. 'निनदीभ्यां स्नातेः कौशले' हे सूत्र पाणिनीचेच आहे. 'नि' किंवा 'नदी' यांच्यापुढे 'स्ना' धातू आला आणि अर्थ कौशल्याचा असला, तर 'स'चा 'ष' होतो, असे ते सांगते. 'निष्णात' हा शब्द त्याच नियमाने बनला. गीतेतही 'योगः कर्मसु कौशलम्' असेच आहे. मराठीत मात्र 'कौशल्य' रुळले आहे, म्हणून आपण तेच लिहावे.

आता 'कुशल' या शब्दाकडे वळतो, कारण प्रश्नातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर त्याच्या पोटात आहे. 'कुशान् लाति इति कुशलः', म्हणजे जो कुश, अर्थात दर्भ, आणतो तो कुशल, अशी परंपरेने दिलेली व्युत्पत्ती आहे. श्रावणातल्या अमावास्येला दर्भ आणण्याची चाल ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे काम सोपे नसल्याचे ठाऊक असते. पात्याची कड करवतीसारखी असते, आणि चुकीच्या दिशेने हात ओढला तर बोट कापते. 'कुशाग्र बुद्धी' आपण म्हणतो ती याच पात्याच्या टोकावरून. शिवाय कुश उपटण्याआधी तो आजूबाजूच्या गवतातून नेमका ओळखावा लागतो. म्हणजे कुशल माणसाजवळ दोन गोष्टी लागतात: ओळखणारी नजर आणि न कापणारा हात.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'कर्मणि कुशलः' (कामात कुशल) हे रूढिलक्षणेचे, म्हणजे मूळ अर्थ सोडून रूढीने दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून दिले, ते याच व्युत्पत्तीच्या आधारावर: मूळ अर्थ दर्भ आणणारा, आणि विवेचकपणाच्या साम्यामुळे रूढ झालेला अर्थ दक्ष. विश्वनाथ या नंतरच्या काव्यशास्त्रकाराने पुढे त्यावर कडक आक्षेप घेतला. शब्द कसा बनला हे एक आणि तो कशासाठी वापरला जातो हे दुसरे, असे त्याचे म्हणणे आहे. व्युत्पत्तीलाच मुख्य अर्थ मानायचे तर 'गाय झोपली आहे' या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, कारण 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि झोपलेली गाय कुठेच जात नसते. युक्तिवाद बिनतोड आहे हे मान्य करूनही मला तो अपुरा वाटतो. तो शब्दाचा आजचा अर्थ सांगतो. हा अर्थ याच शब्दाला का चिकटला, हे तो सांगत नाही. आजचे अनेक भाषाशास्त्रज्ञही ही व्युत्पत्ती सिद्ध मानत नाहीत. त्यांनी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याच्या विभागात, एक पाळी उभे राहून पाहावे, असे मला मनापासून वाटते. तिथे कापलेल्या पत्र्याची कड दर्भाइतकीच बोचरी असते. नवा मुलगा हातमोजे घालूनही पत्रा चुकीचा धरतो. मुरलेला ऑपरेटर तोच पत्रा सहज उचलतो, उजेडात तिरका धरून कडेला उभी राहिलेली धार पाहतो आणि डाय (पत्रा कापणारा साचा) बोथट झाल्याचे सांगतो. नजर आणि हात या दोन्हींची जोड तिथे डोळ्यांसमोर दिसते.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्याख्येतली 'कॉम्पिटन्स'ही याहून वेगळी नाही: ठरलेला परिणाम साधण्यासाठी ज्ञान आणि कौशल्य प्रत्यक्ष वापरण्याची ताकद. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत ७.२ हे कलम तिच्यासाठीच आहे. म्हणून फलकासाठी 'कौशल्य' हा एकच शब्द पुरतो. 'क्षमता' तिथे नको, कारण कारखान्यात तो शब्द आधीच गुंतलेला आहे: प्रेसची क्षमता टनांत मोजतात, क्रेनची क्षमता तिच्या अंगावर लिहिलेली असते. 'पात्रता'ही नको; तो शब्द आयटीआयच्या प्रमाणपत्राचा आहे आणि प्रमाणपत्राने हात बसत नाही. दस्तऐवजात दोन स्वतंत्र मथळे हवेच असतील, तर कॉम्पिटन्सीसाठी 'सक्षमता' लिहावे. मुळात 'क्षम' पुरेसा असताना 'स' कशाला, हा शुद्धिवाद्यांचा आक्षेप खरा आहे. पण 'सक्षम प्राधिकारी' कायद्याच्या मराठीत इतका मुरला आहे की तो आता उपटता येणार नाही. 'कौशल्यता' अजून मुरलेली नाही, म्हणूनच तिच्यावर माझा इतका रोख आहे.

तक्त्याच्या घरांतही हाच अर्थ जपला पाहिजे. उभ्या ओळीत कामगारांची नावे, आडव्या ओळीत कामे, आणि प्रत्येक घरात चार भागांचे वर्तुळ ही सर्वत्र दिसणारी पद्धत आहे. एक भाग भरला की माणूस शिकतो आहे, दोन भरले की देखरेखीखाली करतो, तीन भरले की ठरलेल्या वेळेत आणि दर्जात एकट्याने करतो, चारही भरले की दुसऱ्याला शिकवतो. काही कारखाने वर्तुळाऐवजी आय, एल, यू, ओ ही रोमन अक्षरे वापरतात. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा आणि शेवटी पूर्ण चौकट, अशी ती वाढत जातात. पण भाग कशावरून भरायचा? वर्गातल्या हजेरीवरून भरला, तर ती हजेरीवहीच झाली. सुपरवायझरने माणसाला यंत्रापाशी काम करताना पाहावे, त्याने काढलेले नग मोजावेत आणि मगच वर्तुळ रंगवावे.

राहिला 'मॅट्रिक्स'. गणिताच्या परिभाषेत त्याला 'आव्यूह' म्हणतात. या शब्दाने सैन्याची रचना डोळ्यांपुढे येते, आणि मूळ शब्दातला जिव्हाळा त्यात अजिबात उतरत नाही. लॅटिनमध्ये 'मॅट्रिक्स' म्हणजे गर्भाशय, आणि तो 'माता' या अर्थाच्या 'मातेर'पासून आला. सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८५० मध्ये तो गणितात आणला, तोही संख्यांच्या एकाच मांडणीतून अनेक निश्चयक (डिटर्मिनंट) जन्म घेतात या कल्पनेने. आपल्या 'मातृ'चे आणि त्या 'मातेर'चे मूळ एकच आहे, हे सर्वमान्य आहे. मग 'मातृका' का नको? वर्णमालेला मातृका म्हणतात, ज्यावरून नकला उतरवतात त्या मूळ हस्तलिखितालाही मातृका म्हणतात, आणि बौद्ध परंपरेत तर विषयांच्या पद्धतशीर मांडणीलाच 'मातिका' हे नाव आहे. भिक्षू ती आधी पाठ करीत आणि पुढचे सगळे विवेचन तिच्यातून उलगडत असे. कौशल्याच्या तक्त्यातूनही प्रशिक्षणाचे वेळापत्रक, पाळीतल्या बदल्या आणि सुट्टीवरच्या माणसाची बदली अशाच निघतात. फलकावर 'कौशल्य-तक्ता' लिहावे, कारण कामगारांच्या तोंडी 'तक्ता'च येणार; पण दस्तऐवजाच्या मथळ्याला 'कौशल्य-मातृका' असावे, असा माझा आग्रह आहे. त्याला आधारही जुना आहे. 'धम्मसंगणी' या पाली बौद्ध ग्रंथाची मातिका बावीस त्रिकांनी, म्हणजे तिनांच्या गटांनी, सुरू होते आणि तिचे पहिलेच त्रिक 'कुसला धम्मा, अकुसला धम्मा, अब्याकता धम्मा' असे आहे. तिथे 'कुसल'चा अर्थ हितकर असा आहे, हातोटीचा नाही. तरीही आज विचारलेले दोन्ही शब्द, 'कुशल' आणि 'मातृका', त्या मांडणीच्या पहिल्याच ओळीत एकत्र आलेले आहेत.